कुसुमावती डॉक्टरांच्या फायलींचे कपाट

मित्रांनो, दार उघडताना मी जरा कुरकुरते, ते मनावर घेऊ नका. मी दिल्लीच्या मयूर विहारमधल्या एका दवाखान्यातले जुने लोखंडी कपाट आहे. मायापुरीच्या एका शेडमध्ये माझे पत्रे ठोकले गेले, अंगावर करडा रंग चढला आणि टेम्पोतून यमुना ओलांडून मी इथे आले. तेव्हापासून कुसुमावती डॉक्टरांच्या पेशंटांच्या फायली माझ्या पोटात आहेत. कुणाला काय झाले होते, सारे मला ठाऊक आहे. पण विचाराल तर एक अक्षर सांगणार नाही. पुढच्या गोष्टीतली नावेसुद्धा मी बदलली आहेत!

इथली मराठी मंडळी मोजकी. गणपतीला सगळे एकत्र आणि आजारपणात सगळे याच दवाखान्यात. त्यामुळे एक खोड लागली. लग्न जमवायचे असले, की 'आपल्याच डॉक्टरां'कडे हळूच चौकशी करायची.

रेवतीचे सुधन्वाशी जमत आले, तेव्हा सुधन्वाचे काका श्यामकांत दवाखान्यात आले. तेही डॉक्टर, दुसऱ्या दवाखान्यातले. मॅडम आत पेशंट तपासत होत्या. काका आमच्या कंपाउंडरला म्हणाले, "मुरलीधर, रेवतीची फाइल काढ जरा. घरचीच गोष्ट आहे यार."

डॉक्टरांपासून काय लपवायचे, असे त्या भोळ्याला वाटले. त्याने किल्ली फिरवली. मी सगळे बळ लावून दार अडवले, पण त्याने हिसका देऊन ते उघडलेच. फाइल काकांच्या हातात गेली. मला फार वाईट वाटले. मुलीने विश्वासाने सांगितलेले आता चारचौघांत जाणार आणि जमत आलेले लग्न मोडणार!

तेवढ्यात मॅडम बाहेर आल्या. काकांनी पान उलटण्याआधीच त्यांनी फाइल काढून घेतली.

"मॅडम, मी पण डॉक्टरच आहे," काका म्हणाले.

"बिल्कुल. पण रेवतीचे डॉक्टर नाही आहात."

"अच्छा, म्हणजे काहीतरी आहेच यात!"

"साधी सर्दी असती तरी मी हेच म्हटलं असतं. उद्या रेवतीच्या बाबांनी तुमच्या सुधन्वाची फाइल मागितली, तर देऊ?"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. का, ते मी सांगणार नाही.

मॅडमनी त्याच संध्याकाळी रेवतीला फोन केला, घडले ते सगळे सांगितले आणि तिची माफी मागितली. चूक मुरलीधरची, पण त्यांनी ती स्वतःवर घेतली. अशा बाईच्या दवाखान्यात मी उभे आहे, याचा मला केवढा अभिमान वाटला!

चार दिवसांनी रेवती सुधन्वाला घेऊन आली. तिने आपली फाइल मागितली. "घे, तुझीच आहे," मॅडम म्हणाल्या. रेवतीने ती थोडा वेळ उराशी धरली आणि मग सुधन्वाच्या हातात दिली. त्याने शेवटच्या पानापर्यंत वाचली. मग म्हणाला, "मॅडम, माझीपण काढा ना. हिला दाखवायची आहे."

त्यांच्या लग्नाची पत्रिका महिनाभर माझ्या दारावर चिकटवलेली होती.

आता नव्या नोंदी कॉम्प्युटरमध्ये जातात आणि माझ्यावर धूळ साचते. त्याबद्दल तक्रार नाही. फक्त एवढेच सांगते, मित्रांनो, दुसऱ्याचे दुखणे तुमच्या कानी आले, तर ते तिथेच राहू द्या. ज्याचे त्याला सांगू द्या. रेवतीने सांगितलेच की, आणि तेही ज्याला सांगायचे त्यालाच.