सिनेटर बाईंचं जड अंतःकरण

सिनेटर बाईंचा आवाज आधी यायचा आणि बाई मागाहून. दारातून, गर्दीच्या खांद्यांवरून, उत्तरेकडच्या त्या राज्यातल्या करड्या, बोथट हिवाळी उजेडातून तो संथपणे पुढे सरकायचा. खर्जातला, किंचित खरखरीत, जुन्या लोकरी शालीसारखा. ऐकणाऱ्याच्या खांद्यांवर तो अलगद पांघरला जायचा आणि आपल्याला थंडी वाजत होती हे माणसाला तेव्हा कुठे कळायचं. लोरेन हॅडली हे त्यांचं नाव, पण आम्हा मराठी मंडळींत ते कुणी घेत नसे. बाई आल्या, बाई बोलल्या, बाईंनी मत दिलं, एवढ्यावर भागायचं. आमच्या शेकडो बायकांमध्ये 'बाई' म्हणजे कोण, हे कुणाला विचारावं लागत नव्हतं.

मी त्या राज्यात एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवत होते. नागपूरहून लग्न होऊन आले, तिथलीच झाले, नागरिकत्व घेतलं, आणि पहिलं मत दिलं ते बाईंना. त्या वेळी बाईंना सिनेटमध्ये जाऊन बरीच वर्षं झाली होती. पुरुषांच्या त्या सभागृहात त्या नव्या असताना जवळपास बायकांसाठी साधं स्वच्छतागृहही नव्हतं, ही गोष्ट त्या प्रत्येक सभेत सांगत. दर वेळी त्याच शब्दाशी थांबत, दर वेळी त्याच ठिकाणी हशा पिकत असे. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. पुढे माझ्या ध्यानात आलं, की बाईंना सोसलेलं काहीही वाया जाऊ द्यायचं नसतं. स्वतः सोसलेलं तर नाहीच, आणि दुसऱ्याने सोसलेलं तर मुळीच नाही.

२००१च्या त्या भयंकर शरद ऋतूत, न्यूयॉर्कचे मनोरे पाडले गेल्यानंतर, मेपलची झाडं नेहमीसारखीच लालबुंद पेटली होती, पण त्यांच्याकडे बघायला कुणी मान वर करत नव्हतं. आमच्या वस्तीतल्या पेट्रोल पंपावरच्या सरदारजींना कुणीतरी धमकावलं होतं. आमची मुलं शाळेतून येऊन विचारत होती, "आई, आर वी द बॅड गाइज?" अशा दिवसांत बाई आमच्या कम्युनिटी हॉलमध्ये आल्या. सरदारजींच्या शेजारी उभ्या राहिल्या, त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, "यांना हात लावणाऱ्याने आधी मला हात लावावा." त्या क्षणी हॉलमधल्या हवेचं वजन उतरलं. हे श्रेय मी बाईंना देते. त्या दिवशी त्या जे बोलल्या ते आमच्यासाठी दुसरं कुणीही बोललं नव्हतं.

पण पुढच्याच वर्षी, निवडणूक तोंडावर असताना, इराक युद्धाच्या ठरावाला त्यांनी होकार दिला. "जड अंतःकरणाने" दिला. टीव्हीवर त्यांचा चेहरा पानगळीच्या संध्याकाळसारखा झाकोळलेला होता, बोटं कपाळाशी गेली होती, आवाज इतका खोल उतरला होता की वाटावं, विरोधातच मत देताहेत. त्यानंतर मी बाईंचं जड अंतःकरण पुष्कळदा पाहिलं. नोकऱ्या गेलेल्या कारखान्याच्या फाटकाशी पाहिलं, युद्धातून परत आलेल्या शवपेट्यांच्या शेजारी पाहिलं. ते अंतःकरण जड होई, पण मताची दिशा बदलण्याइतकं जड मात्र कधी होत नसे. दुःख हा त्यांचा पेहराव होता आणि तो त्यांना फार शोभायचा.

तरीही सुजाताला घेऊन मी गेले ती त्यांच्याकडेच. दुसरं दार आम्हाला माहीत नव्हतं.

सुजाता माझ्याच नागपूरची. तिचा नवरा मिलिंद प्रोग्रॅमर होता. आम्ही पाच-सात बौद्ध कुटुंबं महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी वंदनेला जमत असू. ही दोघं आपल्या मुलीला, मैत्रीला घेऊन यायची. मैत्रीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिथेच शस्त्रक्रिया करून तिच्या कानामागे यंत्र बसवलं होतं आणि शाळेतली स्पीच थेरपिस्ट तिला एकेक आवाज शिकवत होती. मूल चालायला शिकतं तशी ती मुलगी ऐकायला शिकत होती, अडखळत, धडपडत, स्वतःच्याच यशाला दचकत. तिला ऐकू आलेला पहिला शब्द मिलिंदने सगळ्यांना फोन करून सांगितला होता. तो शब्द होता 'मोर'. मोर म्हणजे आपला पक्षी नव्हे; इंग्रजी मोर, आणखी.

२००५च्या हिवाळ्यात बर्फाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर मिलिंदची गाडी उलटली आणि तो गेला. सुजाताचा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर होता. त्यामुळे नवऱ्याबरोबर तिचा तिथे राहण्याचा हक्कही गेला. मुलगी तिथे जन्मलेली म्हणून अमेरिकन, आई मात्र परकी. पाहुणी म्हणून काही महिने राहायची मुभा वकिलाने मिळवून दिली, तीही संपत येणार होती. नागपुरात तेव्हा मैत्रीच्या यंत्राची नीट देखभाल करणारं, तिला इंग्रजीतून पुढे शिकवणारं कुणी सापडत नव्हतं. "मावशी," सुजाता मला म्हणाली, "मला इथे राहायची हौस नाही गं. घर, गाडी, काही नको. फक्त हिची शाळा पूर्ण होऊ दे. अर्ध्यात तोडलं तर हिचं ऐकणं थांबेल."

बाईंनी आम्हाला त्यांच्या राज्यातल्या कचेरीत भेट दिली. खिडकीतून एप्रिलचं पातळ ऊन आत येत होतं, बाहेर बर्फ वितळून वळचणीवरून ठिबकत होतं. बाई खुर्ची सोडून सुजाताच्या समोर येऊन बसल्या. सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. ही त्यांची कला होती. मग मैत्री उठली आणि थेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे तिने आपला तळवा बाईंच्या गळ्यावर ठेवला. बाई बोलत राहिल्या. त्या खर्जाची थरथर हाताला लागली तशी मैत्री खुदकन हसली आणि म्हणाली, "मोर."

बाईंचे डोळे भरून आले. खरेच भरले, मी अगदी जवळ होते. त्यांचा साहाय्यक केव्हिन याने फोटो काढला. बाई म्हणाल्या, "एखाद्या माणसापुरता कायदा करता येतो. खासगी विधेयक म्हणतात त्याला. मी ते मांडीन. सुजाता, तुझी मुलगी माझ्या राज्याची नागरिक आहे." जिन्यावरून उतरताना सुजाता रडत होती. मिलिंद गेल्यानंतर तिला मोकळेपणी रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

मग वाट पाहण्याचे ऋतू सुरू झाले. वकिलाने बाईंच्या शब्दावर मुदत आणखी थोडी, आणखी थोडी वाढवून घेतली. मी फोन केला की केव्हिन म्हणायचा, "बाई स्वतः लक्ष घालताहेत." उन्हाळा गेला, तळी गोठली, पुन्हा फुटली. लॉनवर कॅनडाची बदकं उतरली आणि उडून गेली. बाई लक्ष घालतच होत्या. त्या लक्षाचा उजेड थंड प्रदेशातल्या सूर्यासारखा होता. लख्ख दिसायचा, त्याने काही वितळत नसे.

तोवर देशाची हवा फिरली होती. रेडिओवर माणसं बाहेरून आलेल्यांच्या नावाने ओरडत होती. बाईंच्याच पक्षातला एक जण पुढच्या निवडणुकीत त्यांना आव्हान द्यायच्या गोष्टी करू लागला होता. आणि एका रविवारी टीव्हीवर बाई म्हणाल्या, "दयेलाही रांग असते. प्रत्येकाने रांगेत उभं राहिलं पाहिजे." सुजाता माझ्या सोफ्यावर बसून मैत्रीची वेणी घालत होती. तिचे हात थांबले. "मावशी, हे आपल्याबद्दल नाही ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नाही गं, ते दुसऱ्यांबद्दल आहे." सुजाताने वेणीचा पेड पुन्हा हातात घेतला. मग म्हणाली, "दुसरे पण आपल्यासारखेच असतील ना?" मी टीव्ही बंद केला.

२००७च्या उन्हाळ्यात वकिलाने सांगितलं, आता मुदत वाढणार नाही. विधेयक मांडलं गेलं असतं तर थांबता आलं असतं; ते मांडलंच गेलं नव्हतं. केव्हिनने फोन घेणं सोडलं होतं. म्हणून मी बाईंना गाठलं ते राज्याच्या जत्रेत. भाजलेल्या कणसांचा वास, पाळण्यांचं संगीत, गाईगुरांच्या मांडवातली धूळ, आणि त्या सगळ्यात पांढऱ्या टोपीतल्या बाई, हात मिळवत रांगेने पुढे सरकणाऱ्या.

"सिनेटर, सुजाताच्या विधेयकाचं काय झालं?"

बाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "शीला," त्या म्हणाल्या. माझं नाव शैला. इतक्या वर्षांत मी ते कधी दुरुस्त केलं नव्हतं. "शीला, तिची आठवण येत नाही असा माझा एक दिवस जात नाही."

"ती गुरुवारी निघतेय. विमानाचं तिकीट काढलंय."

बाई थांबल्या. तो त्यांचा प्रसिद्ध विराम होता. इतर वेळी त्या विरामात हजार माणसं श्वास रोखून उभी राहत. मीही राहिले. मला वाटलं, आता त्या केव्हिनला हाक मारतील. आता म्हणतील, गुरुवारच्या आधी करू.

"आत्ता वेळ अनुकूल नाही," बाई म्हणाल्या. "वारा जरा पडू दे. त्या चिमुरडीला माझं प्रेम सांग."

"प्रेम नको, सिनेटर. विधेयकावर सही पाहिजे," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. आजूबाजूची दोन-तीन माणसं वळून बघू लागली. बाईंच्या चेहऱ्यावरची एकही रेषा हलली नाही. त्यांनी माझा हात हलकेच थोपटला, सोडला, आणि शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचा हात हातात घेतला. "यंदा मका कसा आहे?" त्यांनी विचारलं, त्याच स्वरात, तितक्याच मायेने. इतक्या वर्षांत त्यांचा राग आला होता, चीड आली होती. त्या क्षणी मला त्यांची भीती वाटली. निर्दय माणसाला निदान आपण निर्दय आहोत हे ठाऊक असतं.

गुरुवारी आम्ही सुजाताला आणि मैत्रीला विमानतळावर पोहोचवलं. मैत्री सरकत्या जिन्याशी खेळत होती. तिला वाटत होतं आजीकडे सुट्टीला चाललोय. सुजाताने मला वाकून नमस्कार केला, "जय भीम, मावशी," म्हणाली आणि मागे न बघता आत गेली.

त्याच वर्षी बर्फ पडायच्या आधीच बाईंनी जाहीर केलं, की आपण पुढच्या वर्षीची निवडणूक लढवणार नाही. प्रकृती, नातवंडं, नव्यांना वाट करून देणं. ज्या खुर्चीसाठी त्यांनी सुजाताला वाऱ्यावर सोडलं, ती खुर्ची त्यांना शेवटी नकोच होती. बातमी ऐकली तेव्हा मी कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडीत होते; बराच वेळ मला गाडी सुरू करता आली नाही.

पुढच्या वर्षाच्या अखेरीस त्यांचं निरोपाचं भाषण मी टीव्हीवर पाहिलं. दोन्ही पक्षांची माणसं उभी होती. बाईंनी स्वच्छतागृहाची गोष्ट सांगितली; हशा पिकला. मग आवाज खाली उतरला. "एका लहान मुलीने एकदा माझ्या गळ्यावर हात ठेवला," बाई म्हणाल्या, "तिला ऐकू येत नव्हतं. तिची आई भारतातून आलेली तरुण विधवा होती. ती मुलगी मला म्हणाली, मोर. आणखी! सार्वजनिक जीवनाचा अर्थ मला त्या दिवशी कळला. आज ती मुलगी माझ्या राज्यातल्या एखाद्या शाळेत गात असेल." सभागृहात टाळ्यांचा गजर झाला. काहींनी डोळे टिपले. बाई खोटं बोलत नव्हत्या. खोटं बोलायला खरं काय ते आठवावं लागतं.

त्याच आठवड्यात मी सुजाताला फोन केला. ती आता पुण्यात होती, एका शाळेत नोकरी करत होती; तिथे मैत्रीला शिकवणाऱ्या एक बाई तिला मोठ्या शोधाने मिळाल्या होत्या. मधलं एक वर्ष यंत्र बंद पडून वाया गेलं होतं. इंग्रजी बरीचशी पुसली गेली होती, मराठी अजून पुरती उमटली नव्हती. पोर दोन भाषांच्या मध्ये उभी होती. मला राहवलं नाही म्हणून मी भाषणाचं सगळं सांगितलं.

सुजाता हसली, कडवटपणे हसली असं मला म्हणता येणार नाही. "बरंच झालं की, मावशी," ती म्हणाली. "बाईंच्या गोष्टीत तरी आम्ही तिथेच राहिलो."

ते भाषण देशाच्या दप्तरी नोंदलं गेलं आहे. कागद पिवळे पडले तरी ती मुलगी तिथे गात राहील. जी देश सोडून गेली, तिची जागा मात्र कुठेच नोंदलेली नाही. ती आम्हा दोघी-तिघींच्या आठवणीत तेवढी आहे, आणि काळाचा रिवाज असा, की तो आधी आठवण विझवतो आणि गोष्ट जपून ठेवतो.