उलटी सुटलेली गाडी

सासऱ्यांच्या लाकडी खेळण्यांच्या कारखान्यात एक नियम होता. नवी गाडी उतरणीवरून टेबलफॅनच्या समोर सोडायची. वाऱ्याला तोंड देत ती समोरच्या भिंतीला टेकली तर तिची घडण पक्की, नाहीतर ती रद्द. संधी तीनच.

सुनेने घडवलेली ही पहिलीच गाडी. पुढून सुरीसारखी टोकदार, मागून गोल गरगरीत. दोनदा ती अर्ध्या वाटेतच थबकली.

"दिसायला झोकदार, पण दम नाही," सासरे हसले.

"बाबा, अजून एक संधी आहे!" म्हणत सुनेने घाईघाईत गाडी सोडली.

"अगं, उलटी लावलीस!"

ती गाडी धरायला झेपावली. पण गोल बाजू पुढे करून गाडी सुसाट निघाली आणि भिंतीवर खाडकन आदळली.

"पुन्हा सोड!" सासरे ओरडले. पुन्हा खाडकन! त्यांनी गाडीवरून बोट फिरवलं. "वारा गोल तोंडावरून घसरतो आणि निमुळत्या शेपटीशी अलगद मिटतो. मागे भोवरे कमी, म्हणून ओढही कमी. आणि मी चाळीस वर्षं टोकं पुढे ठेवतोय!"

"म्हणजे झाली ना पास?"

"झाली! हिचे दिवे गोल बाजूला रंगव. पण आधी माझ्या सगळ्या गाड्या फळीवरून खाली काढ, उलट्या सोडून बघू!"