अर्ध्या चपातीचा तास

तेजलने डब्यातली एकुलती एक चपाती काढली, मधोमध फाडली आणि अर्धी फळ्यासमोर उंच धरली.

"ही अर्धी. प्रत्येकाला पाव पाव चपाती द्यायची. किती जणांना पुरेल?"

समोरच्या तीन खुर्च्यांवर पाचवीचा वर्ग बसला होता. वर्गाचं सरासरी वय पंचेचाळीस. निवड समितीनेच मुलं व्हायचं, उमेदवाराने सहा मिनिटं शिकवायचं आणि मग दहा मिनिटं मुलाखत, अशी या संस्थेची रीत. ऋता मॅडम दंगेखोर मुलगी झाल्या होत्या आणि पेन्सिलीने खुर्ची बडवत होत्या. तरुण अनयला दर मिनिटाला शू लागत होती. पिकल्या केसांचे संस्थाप्रमुख जयवंत सर हे काहीच न समजणारं मूल होते.

महापालिकेच्या शाळांत दोन वर्षं शिकवायला वीस जागा आणि अर्ज नऊशे. तेजलची ही दुसरी खेप. तिसरी मिळत नाही. गेल्या वर्षी तिने शू लागलेल्या परीक्षकाला "गप बस खाली" असं सुनावलं होतं आणि शेरा आला होता, 'विषय पक्का, धीर कमी.' म्हणून यंदा ती घाटकोपरहून अंधेरीपर्यंत धीराची उजळणी करत आली होती.

"दोघांना," ऋता मॅडम ओरडल्या.

"बरोबर. म्हणजे अर्धा भागिले पाव, उत्तर दोन."

"पण टीचर," जयवंत सर म्हणाले, "भागल्यावर कमी व्हायला पाहिजे ना? अर्ध्याचे दोन कसे झाले?"

तेजल गोड हसली. म्हातारा चांगलाच मुरलेला आहे, ती मनात म्हणाली. तिने अर्धीचे दोन तुकडे करून एक अनयला दिला, एक ऋता मॅडमना.

"बघ, दोघांना पुरली."

"मग दोन कुठून आले?"

तिने पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. घंटी वाजली आणि अनय तत्काळ मोठा झाला.

"थँक यू, तेजल," ऋता मॅडमनी चष्मा लावला. "आता मुलाखत. शिक्षकच का व्हायचंय?"

हे उत्तर तिने महिनाभर घोटलं होतं. पण जयवंत सर अजून फळ्याकडेच बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"नाही, पण दोन कुठून आले?" ते हळूच म्हणाले.

"सर, खेळ संपला," अनय हसला.

सर हसले नाहीत. तेजलला एकदम कळलं आणि तिला त्यांची फार माया आली. पाचवीपासून आजवर या माणसाने हे कुणालाच विचारलं नव्हतं.

"वेळ तुमच्या मुलाखतीतला जाईल हं," ऋता मॅडमनी बजावलं.

तेजलने घड्याळाकडे पाहिलं. मग उरलेली अर्धी चपाती उचलली.

"सर, चपाती किती हे आपण विचारतच नाही आहोत. जेवले किती, ते विचारतोय. ही दोन माणसं आहेत, दोन चपात्या नव्हेत." तिने अर्धीचे चार तुकडे केले. "आता वाटा लहान केला. जेवणारे वाढले की कमी झाले?"

जयवंत सरांनी तुकडे सरकवून पाहिले, पुन्हा जुळवले, पुन्हा सरकवले. यात नऊ मिनिटं गेली.

"वाढले," ते म्हणाले. "जेवणारे."

"शिक्षकच का, ते राहिलंच," ऋता मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या उमेदवाराचा अर्ज वर घेतला.

बाहेरच्या बाकावर बसून तेजल नुसतीच भाजी खाऊ लागली. वाट लागली होती आणि ती तिने स्वतःच्या हाताने लावली होती. तिला रडू येत होतं.

दार उघडलं. जयवंत सर एक कागद घेऊन बाहेर आले.

"पाऊण भागिले एक अष्टमांश," ते म्हणाले. "सहा आले. बरोबर?"

तिने कागद हातात घेतला.

"उत्तर बरोबर आहे. पण पायऱ्या कुठायत? पायऱ्या लिहून परत कर."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. जयवंत सर मात्र तिच्या शेजारी बाकावर बसले होते आणि खिशात पेन शोधत होते.