लाल काड्या

डॉक्टर महादेवरावांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला आणि टेबलावरची टिनाची डबी बोटाने बाजूला सारली. सोजराबाईंनी पदर नाकावर दाबला. डबीचं झाकण घट्ट होतं, तरी त्यांना वास आला.

"शौचाच्या नमुन्यात लाल काड्या दिसताहेत," डॉक्टर म्हणाले. "रंग दिल्यावर क्षयाचे जंतू असेच दिसतात."

सोजराबाईंचा मुलगा उत्तम मटकन बाकावर बसला. त्याची बायको कौशल्या घरी अंथरुणावर होती. बाळंतपणानंतर तिला जुलाब लागले ते थांबेचनात, आणि अंगावर पिणारं पोर होतं.

नागपूरहून बदलून आलेले डॉक्टर पुढेही बरंच बोलले. सगळ्याच लाल काड्या क्षयाच्या नसतात. गवतात, पाण्यात, लोण्यातही तशा असतात, धडधाकट माणसाच्या पोटातून नुसत्या येऊन जातात, आणि काचेखाली दोन्ही सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. तेव्हा ताजा नमुना पुन्हा आणा, आणि तोवर तिचं ताट वेगळं ठेवा. लढाईमुळे डब्या मिळत नव्हत्या, म्हणून हीच धुऊन आणायची होती. उत्तमने एवढ्यातलं फक्त ताट ऐकलं.

सोजराबाईंना पहिलंच वाक्य पुरलं होतं. डबीत कौशल्याचं काहीच नव्हतं.

सोजराबाईंचा नीटनेटकेपणा सगळ्या धामणगावला ठाऊक होता. बाई आपली सावलीसुद्धा धुऊन घेते, असं शेजारणी म्हणत. त्यांना कुणाचं शिंकणं चालत नसे, लेकराची लाळ चालत नसे, आणि सुनेचं दुखणं तर अजिबात खपत नव्हतं. ते आंबट वासाचं लुगडं, त्यावर घोंगावणाऱ्या माश्या, ती सारखी परसाकडची घाई. असल्या बाईच्या हाती डबी आली. कौशल्याच्यानं उठवत नव्हतं, म्हणून काडीने भरून घ्यायचं काम सासूचं. सकाळी त्या काडी घेऊन वाकल्या, वास नाकात शिरला आणि काडी टाकून तशाच मागे फिरल्या. मग तुरीच्या आड जाऊन त्यांनी डबीत स्वतःचंच घातलं. घाण ती घाण, डॉक्टरला काय कळतंय कुणाची ते. शिवाय स्वतःच्या घाणीची माणसाला किळस जरा कमीच येते.

परतीच्या वाटेवर गाडीतच उत्तमने ठरवून टाकलं. उद्या कौशल्याला रोहिणखेडला तिच्या बापाकडे पोचवायचं, पोर मात्र इथेच ठेवून शेळीच्या दुधावर वाढवायचं. सोजराबाईंनी डबीकडे पाठ फिरवली. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही रीत त्यांनी जन्मभर पाळली होती. डबी गाडीच्या कोपऱ्यात खडखडत होती.

घरी आल्याबरोबर उत्तमने कौशल्याची जर्मनची थाळी चिमट्याने उचलून गोठ्यात नेऊन टाकली. पोर तिच्याजवळून काढून घेतलं. संध्याकाळी ते भुकेनं रडत राहिलं, आणि आतल्या खोलीत कौशल्याच्या चोळीवर दुधाचे ओले डाग पसरत गेले. सोजराबाईंनी राखेने हात घासले, पुन्हा घासले. भाकरीचा घास तोंडाशी नेला की काचेखालच्या त्या लाल काड्या आठवत. हात धुता येतात, लुगडं धुता येतं, पण आतडी कोणत्या पाण्याने धुवायची? उभ्या आयुष्यात त्यांना सगळ्या जगाची शिसारी आली होती, ती आता आपल्याच पोटात येऊन बसली होती.

सकाळी उत्तमने बैल जुंपले. कौशल्या भिंत धरून ओसरीपर्यंत आली. तिने नवऱ्याकडे पाहिलंच नाही.

"आत्याबाई," ती म्हणाली, "जाच्या आंधी एक डाव पाजू द्या ना त्याले."

उत्तम पोराला घेऊन दूर उभा राहिला. ते आईकडे झेपावत होतं.

सोजराबाई उठून गोठ्यात गेल्या. थाळीवर शेणाचे शिंतोडे होते, ते त्यांनी पदराने पुसले. चुलीपुढची भाकर तिच्यात ठेवली, वर पातळ वरण ओतलं, आणि सगळ्यांदेखत ओसरीच्या पायरीवर बसून त्या जेवायला लागल्या.

"माय, हे काय करून राह्यली?" उत्तम म्हणाला. "ते तिची थाळी हाय."

"तिची नाही," सोजराबाई खाली मान घालून म्हणाल्या. "माही हाय. डबीत तिचं नव्हतं रे. मले किळस आली म्हणून म्या माहंच घातलं."

मग सोजराबाईंनी त्याला बैल सोडायला सांगितलं, पोर तिच्याजवळ द्यायला सांगितलं. आज डबी घासून आपण स्वतः तिचं भरू, त्यात काय निघायचं ते निघू दे, असंही म्हणाल्या.

उत्तमने पोर कौशल्याच्या मांडीवर ठेवलं. ते लगेच प्यायला लागलं. तो बैल सोडायला आईच्या बाजूने निघाला, पण दोन पावलं आधीच वळून लांबून गेला. खांद्यावरचं उपरणं त्याने नाकाशी धरलं होतं, त्याचं त्यालाही कळलं नसावं.

सोजराबाईंनी ते पाहिलं आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.