कागदावरची मालकीण

सगळं बदलापूर जिला हिंदुरावची गाडी म्हणतं, ती गाडी हिंदुरावची नव्हतीच. ती त्याच्या बायकोची, संजीवनीची. अंबरनाथच्या एमआयडीसीतली तिची जुनी कंपनी बंद पडली तेव्हा मिळालेला पीएफ या गाडीत गेला. हिंदुरावचे चेक पूर्वी इतक्यांदा परत आले होते की बँकेने त्याला दारातूनच नमस्कार केला. मग कर्जही तिच्याच नावावर निघालं. आरसी बुकावर तिचं नाव, आरटीओकडे तिचा मोबाइल नंबर. मागच्या काचेवर मात्र लाल अक्षरांत 'हिंदुराव ट्रॅव्हल्स'.

गाडी अंबरनाथच्याच दुसऱ्या एका कंपनीच्या स्टाफची ने-आण करायची. सकाळी वांगणीपासून बायका भरत यायची, बदलापुरात संजीवनी चढायची. ती आता तिथेच पॅकिंगला होती आणि त्याच बायकांबरोबर मागच्या सीटवर बसून जायची. पुढच्या सीटवर हिंदुरावचा डबा असायचा.

अशा गाडीचा टॅक्स घरच्या मोटरसारखा एकदा भरून सुटत नाही. तो दर वर्षी. तारीख चुकली की महिन्यामहिन्याला व्याज चढतं, आणि रस्त्यात सापडलात तर वर दंड आणि गाडी जमा. टॅक्स, विमा, पासिंग, पीयूसी, सगळ्या तारखा संजीवनीला तोंडपाठ. भाजी निवडता निवडता ती म्हणायची, "अहो, पासिंग जवळ आलं हं." हिंदुराव नुसतं हुं करायचा आणि दुसऱ्या दिवशी उल्हासनगरला गुरुदत्त एजंटकडे जाऊन, जसं काही स्वतःलाच आठवलंय अशा थाटात काम करून यायचा. गुरुदत्त त्याला म्हणायचा, "तुमच्यासारखं गिऱ्हाईक नाही, शेठ. एक तारीख चुकत नाही." आणि हे कौतुक तो घरी येऊन सांगायचा कुणाला, तर संजीवनीला! वर चहा मागायचा.

ती हसायची. वर्षानुवर्षं हसली.

बिनसलं गणपतीत. घरात हिंदुरावचे चुलतभाऊ जमले होते, पानं मांडलेली, आणि मोदक वाढता वाढता ती सवयीने बोलून गेली, "पीयूसी परवा संपतेय, बघा." एक भाऊ खो खो हसला. "काय रे हिंद्या, गाडी वहिनी चालवते काय?" झालं. हिंदुरावचा चेहरा तांबडा झाला. "ए, कागदावर नाव आहे म्हणून मालकीण बनू नको," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "गाडीच्या कामात यापुढं तोंड घालायचं नाही. माझं मला कळतं."

संजीवनीने मोदकांचं ताट खाली ठेवलं आणि आत गेली. तिला रडू आलं नाही. तिला राग आला, आणि तो इतका जुना निघाला की तिची तीच घाबरली. बरं, नाही घालत तोंड, तिने ठरवलं. फक्त एकदा त्याने विचारावं, "संजू, टॅक्सची तारीख कधी गं?" एवढंच तिला हवं होतं. गाडी नको, नाव नको. विचारलं की ती लगेच सांगणार होती.

टॅक्सची मुदत सप्टेंबरअखेर. मेसेज तिच्या मोबाइलवर आला, तिने वाचला आणि मोबाइल डब्यांच्या मागे ठेवून दिला. राहवेना म्हणून जेवताना एकदा तिने खडा टाकून पाहिला. "या महिन्यात गाडीचं काही काम आहे का?"

"तुला काय करायचंय? भाकरी वाढ."

तिने भाकरी वाढली.

मुदत गेली. दोनच दिवसांनी दसरा. हिंदुरावने गाडी धुतली, झेंडूचा भलामोठा हार घातला आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. बॉनेटवर हळदकुंकू वाहायला बाईमाणूस लागतं, तेव्हा संजीवनीला हाक आली. तिने वाहिलं. हिंदुरावने नारळ फोडला आणि शेजाऱ्यांना खोबरं वाटत म्हणाला, "आपल्या गाडीचा एक कागद मागं नाही. सगळं इथं असतं," आणि स्वतःच्या कपाळावर बोट आपटलं. संजीवनीने हळदीचं बोट पदराला पुसलं. तेवढ्यापुरतं तिला बरंही वाटलं. खोटं कशाला बोला.

नोव्हेंबरात एका सकाळी अंबरनाथच्या अलीकडे आरटीओची तपासणी लागलेली होती. गाडी बायकांनी भरलेली, शिफ्टला उशीर होत होता. साहेबाने हातातल्या मशीनवर नंबर टाकला आणि म्हणाला, "टॅक्स संपलाय की. गाडी बाजूला घ्या. सगळ्यांना उतरवा."

हिंदुरावने वाकून मशीनकडे पाहिलं. खरंच, त्याच्या डोक्यात काहीच नव्हतं. मग तो वळला आणि मागच्या सीटकडे हात केला.

"मालकीण ती बसलीय, साहेब. गाडी तिच्या नावावर, मेसेज तिच्या मोबाइलवर. मी आपला डायवर. बायकांच्या कुठं लक्षात राहतंय?"

इतक्या वर्षांत त्याने तिला चारचौघांत पहिल्यांदाच मालकीण म्हटलं होतं. रस्त्याकडेला उतरलेल्या बायका तिच्याकडे बघत होत्या. आज सगळ्यांचा खाडा होणार होता. एक जण म्हणालीही, "काय गं संजीवनी, एवढंही लक्षात ठेवता येत नाही?"

साहेब म्हणाला, "ताई, टॅक्स का नाही भरला?"

ती काय सांगणार होती? की मला तारीख तोंडपाठ होती? की नवऱ्याने एकदा विचारावं म्हणून मी थांबले, आणि तुम्हा सगळ्यांना या गाडीत रोज बसवलं? ते खरं होतं, आणि खरं सांगण्यासारखं राहिलं नव्हतं.

"विसरले," ती म्हणाली.

गाडी जमा झाली. आठवडा उलटायच्या आत कंपनीच्या ठेकेदाराने ती फेरी दुसऱ्याला देऊन टाकली. टॅक्स, व्याज, दंड भागवायला घरात दुसरं काही नव्हतं, म्हणून संजीवनीची भिशी गेली. त्या भिशीवर तिने लेकीचं, किर्तीचं, बाळंतपण धरलं होतं. किर्तीला सातवा लागला होता.

गाडी सोडवण्यासाठी मालकाचा अर्ज लागतो. गुरुदत्तच्या टपरीवर स्टुलावर बसून ती लिहू लागली. गुरुदत्त सांगत होता, "नजरचुकीने कर भरायचा राहिला, असं लिहा, वहिनी."

"नजरचूक कसली?" हिंदुराव मागून म्हणाला. "विसरले, असंच लिही. जे झालं ते झालं."

तिने लिहिलं. खाली आपलं पूर्ण नाव सुवाच्य अक्षरांत घातलं. गुरुदत्त अर्ज घेत हळहळला, "शेठ, तुमचं रेकॉर्ड कसं साफ होतं हो."

"काय करणार," हिंदुराव म्हणाला आणि मोठ्या मनाने तिच्याकडे वळला. "जाऊ दे, संजू. यापुढं तारखा मला आधी सांगत जा. आता जवळ काय आहे?"

गणपतीपासून ती याच प्रश्नाची वाट बघत होती. किती दिवस, किती रात्री तिने त्याचं उत्तर मनात घोळवलं होतं. तिने पेनला टोपण लावलं.

"येत्या शुक्रवारी विमा संपतोय."

"बघा!" हिंदुराव गुरुदत्तकडे बघून हसला. "असं वेळेवर तोंड उघडलं असतं तर ही पाळी आली असती का?"