सुतकाच्या दारापुढं बेंजो

हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही. बसलाच, तर ऐकणाऱ्याच्या डोक्यात फरक आहे असं समजावं. पण लिंबागणेशच्या या पारावर बसलेली मंडळी सगळी शहाणी, म्हणून सांगायला हरकत नाही.

बीडच्या एका कॉलेजात विजयमालाबाई खाडे एकवीस वर्षं संगीत शिकवत होत्या. रागदारी नव्हे, लग्नात, जत्रेत वाजतं ते. बेंजो पार्टीवर त्यांनी एवढा जाड प्रबंध लिहिला, की दाराला टेकवून ठेवला तर दार आपटायची वावटळीची बिशाद नव्हती. शिरूर कासारपासून पाटोद्यापर्यंत बेंजो पार्टीचा असा एक टेम्पो नव्हता, ज्याच्यामागं बाई वही घेऊन पळाल्या नाहीत. फक्त गर्दीपुढं स्वतः कधी वाजवलं नव्हतं. खोलीत दार लावून वाजवत, तेव्हा भिंती डोलायच्या. चार माणसं समोर आली की बोटांचं लाकूड व्हायचं.

अशात विद्यापीठातून विजयसिंह नावाचे साहेब तपासणीला आले. म्हणाले, "सादरीकरण शिकवता ना, बाई? मग खऱ्या गर्दीत एकदा वाजवून दाखवा. नाही जमलं तर जूनपासून तुमच्या विभागाला कुलूप."

झालं. लिंबागणेशला एका लग्नाचा परण्या निघाला; म्हणजे नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या दर्शनाला. भर दुपार. बाई टेम्पोत बेंजोपुढं बसल्या. साहेब वही उघडून मागून चालत होते.

ताशेवाला सिदू म्हणाला, "मॅडम, घाबरू नका. चुकलात तर आमी ताशात बुडवून टाकू."

"आणि बंदच पडले तर?"

"तसं नका करू. परण्यात वाजप मधीच तुटलं तर नवरदेवाची आई आपल्याला सोडंल का?"

बाईंची पाचावर धारण बसली. डोळे मिटले आणि सुरुवात केली. काय आश्चर्य, बोटं चालली! पोरं नाचायला लागली, शिट्ट्या पडल्या. बाईंना वाटलं, डोळे उघडले की संपलं. म्हणून उघडलेच नाहीत.

मग एकाएकी ताशा थांबला. ढोल थांबला. बाईंना वाटलं, आपल्याला एकटीला वाजवायला जागा दिली असेल. त्यांनी चाल आणखी चढवली. पण शिट्ट्या येईनात, पावलंही वाजेनात. सगळ्या गावात बेंजो तेवढा ओरडत होता.

बाईंनी डोळे उघडले. नाचणारी पोरं खाली मान घालून उभी. घोडा उभा. समोर एक दार; दारात रांगोळी नाही, आत जमिनीवर पीठ पसरलेलं, त्यावर दिवा. सुतकाचं घर! सुतकाच्या दारापुढं वाजप मुकं जातं, हे बाईंनीच एकवीस वर्षं पोरांना लिहून दिलं होतं.

पण बोटं थांबेनात. भीतीनं ती लाकडाची नव्हे, आता यंत्राची झाली होती. गर्दीतून कुणी तरी दात खात म्हणालं, "बंद कर की गं बाई!" मागं वहीवर पेन्सिल खरखरली. घरातल्या बायका दारात आल्या. कुणी रडत नव्हतं, सगळ्या नुसत्या बघत होत्या.

आणि तेवढ्यात, ऐका, त्या पिठावरचा दिवा विझला. दारातून एक हात निघाला. नुसता हात! लांबत लांबत टेम्पोपर्यंत आला आणि बाईंच्या बोटांवर बसला. बर्फासारखा गार. करंगळी तुटलेली. बाईंनी तो हात ओळखला. ज्यानं त्यांना ही चाल शिकवली त्या बेंजोवाल्या म्हाळूचा हात! आठ दिवसांमागं मेलेल्या म्हाळूचा...

"मी कव्हा मेलो बे, आश्रुबा?"

पाराच्या कडेला तंबाखू मळत बसलेला म्हाळू, गोष्ट सांगणाऱ्या आश्रुबाला मधेच तोडत, उठून उभा राहिला. त्यानं करंगळी नसलेला हात सगळ्यांना दाखवला.

"सुतक माझ्या चुलत्याचं होतं. हात माझाच होता, पर जित्ता. दारातून पळत जाऊन मीच बाईची बोटं दाबली. बाई लई रडल्या, दारापुढं हात जोडले, अन् पुढच्या वळणावर, जिथं तुटली व्हती तिथूनच चाल धरून मारुतीपर्यंत वाजवत गेल्या. कॉलेजात अजून शिकवतात. एवढं खरं सोडून मला मारतोस कावून बे?"