आधी उगवण पाहा

केशोरीच्या बकारामला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तो बंद पडल्याबरोबर घरात सगळ्यात आधी धावत आला तो बकारामच. काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी भराभर उमटल्या आणि मध्येच अडून बसल्या. आणि आत तर सुकराम होता!

सुकराम म्हणजे बकारामचा लहानपणापासूनचा जोडीदार, जवळच्याच, गोंदियाकडच्या प्रतापगडाच्या पायथ्याचा. लुचई, हिरानखी, चिन्नोर अशा पन्नासेक जुन्या धानांची खोड न खोड त्याला तोंडपाठ. बकारामच्या सुनेनं, रंजितानं, दोन हिवाळे त्याच्यापुढे मोबाईल धरून ते सगळं बोलणं कॉम्प्युटरात साठवलं होतं. मोबाईल बोडीत, म्हणजे शेताजवळच्या तळ्यात, पडून वाया गेला. दिवाळीत सुकरामही गेला. आता त्याचा आवाज या एका डब्याशिवाय कुठेच नव्हता.

"गोंदियाचा दुकानवाला म्हणते, सब साफ करना पड़ेगा," बकाराम रडकुंडीला येऊन म्हणाला.

"म्हणू द्या त्याले," रंजिता म्हणाली.

बाई तरी कशी! शिक्षण बारावी. नागपूरच्या भावानं, अश्विननं, फुकटात मिळालेली उबुंटूची, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्रामची, सीडी पाठवली, ती हिनं वर्षापूर्वी वहीत एकेक पायरी लिहून घेत कशीबशी बसवली होती. आता भावाला फोन केला, तर तो एवढंच सांगू शकला की आतल्या डिस्कला हात न लावता कॉम्प्युटर नुसत्या सीडीवरही चालतो. तेवढ्यावर हिनं पदर खोचला.

अकराला लाइट आली. चारला जाणार होती. सीडी घरघरली, पडदा उजळला आणि रंजितानं डिस्क उघडली, तर सगळ्या फाइली जागच्या जागी! बकारामच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिनं फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या, तो उपसला आणि म्हणाली, "आता जुनं सगळं पुसायचं, मंग नव्यानं बसवायचं."

"थांब! उगवण पाह्यली का?"

"कायची उगवण, मामाजी?"

"ह्याची!" बकारामनं पेनड्राइव्हकडे बोट दाखवलं. चाळीस वर्षांत त्यानं उगवण पाहिल्याशिवाय एक मूठ धान पेरलं नव्हतं. ओल्या गोणपाटात शंभर दाणे बांधून ठेवायचे, किती कोंब निघतात ते मोजायचं, मगच पेरायला धानाच्या बांधीत उतरायचं. "दाना वरून भरलेलाच दिसते पोरी. दुसऱ्या कॉम्प्युटरात लावून पाह्य."

दीड वाजला होता. दुसरी कुणी असती तर म्हाताऱ्यावर वैतागली असती. रंजितानं एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि सायकल काढून ग्रामपंचायतीत गेली.

परत आली ती पडलेल्या तोंडानं.

"लिवलेलं सगळं हाय, मामाजी. आवाज नाई. फाइलीचं नाव दिसते, आत काईच नाई. आत भरणं चालूच होतं अन् मी घाईनं उपसला. माहीच चूक हाय. तुमी थांबवलं नसतं तं सुकरामबाबा गेलेच असते."

सासऱ्याच्या तोंडावर 'माझी चूक' म्हणायला छाती लागते. बकारामला तिचं फार कौतुक वाटलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. गेले चार दिवस तो एक गोष्ट दडवून बसला होता.

"माहं बी आयक पोरी. हा तुह्यानं नाई बिघडला. रोज संध्याकाळी हा चालू असतानाच मी बोर्डावरचा खटका पाडत होतो. पंख्यावानी."

"रोज?"

"रोज."

 रंजिताला हसूच फुटलं. "अरे बाप्पा! तरी वर्षभर टिकला?"

दुसऱ्यांदा तिनं पडद्यावर 'आता काढा' असं येईपर्यंत पेनड्राइव्हला बोट लावलं नाही. पुन्हा सायकल, पुन्हा ग्रामपंचायत. या वेळी सुकराम तिथे खणखणीत बोलला. मग घरी येऊन तिनं एक मोठा श्वास घेतला आणि पुसायचं बटण दाबलं. पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. बकाराम बोर्डाला पाठ लावून बसला होता, खटक्याजवळ कुणालाही फिरकू देत नव्हता.

चारला दहा कमी असताना नवा पडदा उजळला. रंजितानं फाइली परत आत ठेवल्या आणि एक उघडली. आधी ओळखीचा खोकला आला. मग आवाज.

"लिवून घे ना गा, बकाराम. माह्यासंग गेलं तं मंग कोणाले पुसशील?"

बकारामनं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि सुनेकडे बोट केलं.

"हिले पुसीन गा," तो पडद्याला म्हणाला.